नायट्याला गोळी का लागू पडेना? जनुकीय तपासणीबद्दल बोलू या

मलप्रभाकाठची | १८ सप्टेंबर, रात्री ९:४०

मी मूळची खानापूर तालुक्यातली. पुण्यात एका प्रयोगशाळेत रोगजंतू त्यांच्या डीएनएवरून ओळखण्याचं काम करते. यंदा गणपतीला घरी गेले तेव्हा वहिनीनं मला आतल्या खोलीत नेऊन कमरेवरचा नायटा दाखवला. परकराची नाडी बसते तिथून थेट पाठीपर्यंत गेलेला, कडा लालभडक, मधली कातडी काळपट आणि पातळ. मग तिनं फडताळातून एक कॅरीबॅग काढली. आत मलमाच्या नऊ ट्यूबा, सगळ्या पिळून सपाट झालेल्या. टाकून का दिल्या नाहीस, विचारलं तर म्हणाली, "पुढच्या डॉक्टरनी विचारलं तर दाखवायला नकोत का?"

नऊपैकी सहांमध्ये क्लोबेटासोल हे जहाल स्टिरॉइड होतं. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या गोळ्यांचे दोन कोर्स पुरे झाले होते. भाऊ, पुतण्या आणि आई, तिघांच्याही अंगावर तेच. दीड वर्ष हे चाललंय आणि मला फोनवर कुणी सांगितलं नाही, कारण नायटा ही सांगायची गोष्टच नाही.

गावात आणखी चार घरांत हेच ऐकलं, म्हणून हा धागा काढते आहे.

गोळी का चालत नाही ते आधी सांगते. नायटा होतो तो बुरशीमुळे. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, जसं आपल्या पेशीत कोलेस्टेरॉल. ते तयार व्हायच्या वाटेवर स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचं एक विकर काम करतं. टर्बिनाफिन त्या विकराला चिकटतं आणि काम बंद पाडतं. पण त्या विकराच्या जनुकात एक अक्षर बदललं, तर विकराच्या साखळीत ३९३ व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलॲलॅनिन येतं, किंवा ३९७ व्या जागी फेनिलॲलॅनिनऐवजी ल्युसीन. तेवढ्यानं औषधाला धरायला जागा उरत नाही. विकर मात्र आपलं काम करत राहतं.

आपल्याकडे आता फार पसरलेल्या या बुरशीचं नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. हे नाव २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दिलं, भारत आणि नेपाळच्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीवरून. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन रुग्ण सापडले तेव्हा जगभर बातम्या झाल्या. इथे घराघरांत आहे त्याची बातमी होत नाही.

आज तपासणी कशी होते? कातडीचा खरवड केओएचच्या, म्हणजे पोटॅशच्या द्रावणाच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे दिसले की बुरशी आहे एवढं कळतं. कुठली बुरशी, कुठलं औषध चालेल, ते कळत नाही. त्यासाठी कल्चर लावायचं, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवायची, ते वाढायला दोन ते चार आठवडे, आणि औषधांची परीक्षा त्यानंतर. तोपर्यंत रुग्णानं तीन डॉक्टर बदललेले असतात.

टीबीचं असंच होतं. मग जीनएक्सपर्ट हे जनुकीय तपासणीचं यंत्र आलं, २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केली, आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालणार की नाही हे दोन तासांत कळायला लागलं. ते जमलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे रिफॅम्पिसिन निकामी करणारे बहुतेक सगळे बदल एकाच जनुकाच्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात सापडतात. शोधायचं कुठे ते ठाऊक होतं.

नायट्याच्या बुरशीत ३९३ आणि ३९७ या जागा जनुकावर एकमेकींपासून फक्त १२ अक्षरं दूर आहेत, कारण विकरातली एक जागा म्हणजे जनुकातली तीन अक्षरं. एकच छोटा शोधक तुकडा, म्हणजे प्रोब, दोन्हींवर बसू शकतो. आमचं काम त्यावरच चालू आहे. खरवड घेतल्यापासून दोन-तीन तासांत "टर्बिनाफिन देऊ नका" एवढं एक वाक्य डॉक्टरांच्या हातात पडावं, हे मला हवंय. आणि ते पुण्या-मुंबईत नको, खानापुरात, चिकोडीत, हुक्केरीत हवं.

तुमच्याकडे काय चाललंय ते लिहा. लाजू नका, इथे सगळे टोपणनावानंच आहेत.

---

तालमीतला_वस्ताद | १८ सप्टेंबर, रात्री १०:२५

ताई, बरं झालं कुणीतरी बोललं. मी कंग्राळीकडच्या एका तालमीत पोरांना शिकवतो. आमच्याकडं निम्म्याहून जास्त पोरांना आहे. मान, काख, जांघ. पूर्वी लाल मातीत हळद, ताक, तेल घालून मळायचो, तेव्हाही एखाद्याला व्हायचं, पण पंधरा दिवसांत जायचं. आता मॅटवर सराव, घाम तसाच राहतो, आणि झालेलं जाईनाच.

पोरं लपवतात. कारण मैदानात पंचांनी अंगावर चट्टा बघितला की कुस्ती लावत नाहीत. वर्षभर घाम गाळायचा आणि ऐन वेळी बाहेर बसायचं. म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणतात, लावतात, दोन दिवसांत लाली जाते, कुस्ती खेळतात. आठवड्यानं दुप्पट. तीच ट्यूब दहा जणांत फिरूलाली असते. एका पोराच्या मांडीवर तर कातडी फाटल्यागत पांढरे पट्टे उठलेत.

ह्या तपासणीला रक्त काढावं लागतं का? पोरं सुईला भीत नाहीत, घरचे भितात.

---

मलप्रभाकाठची | १८ सप्टेंबर, रात्री १०:५०

नाही वस्ताद, सुई नाही. चट्ट्याची कड बोथट पात्यानं हलकेच खरवडायची, पांढरे कोंड्यासारखे कण काळ्या कागदावर पडतात म्हणजे दिसतात, कागदाची पुडी करायची. कड महत्त्वाची, कारण जिवंत बुरशी तिथे असते. मधे तिनं खाऊन सोडून दिलेलं असतं.

पांढरे पट्टे उठलेत ते स्टिरॉइडनं. ते पुन्हा भरून येत नाहीत. त्या पोराला आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या, माझ्या तपासणीची वाट बघू नका.

---

त्वचेचा_डॉक्टर_गडहिंग्लज | १९ सप्टेंबर, सकाळी ७:१५

माझ्याकडे निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी असे सीमेपलीकडचे बरेच रुग्ण येतात. धागा काढल्याबद्दल आभार. पण एका बाबतीत मला थांबवावंसं वाटतं.

गोळी लागू न पडणं म्हणजे दर वेळी जनुक बदललेलं असतं असं नाही. माझ्यासमोर बसणाऱ्यांत कितीतरी जणांनी खाज थांबली की आठव्या दिवशी गोळी सोडलेली असते. घरात पाच जणांना आहे आणि औषध एकालाच चालू आहे, हे तर रोजचं. मग स्टिरॉइडची मिश्र मलमं. ती कातडीची प्रतिकारशक्ती दाबतात, खाज आणि लाली जाते, बुरशी मात्र निवांत पसरते. चट्ट्याचं रूपच बदलून जातं आणि कधीकधी आम्हालाही तो नायटा वाटत नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरी आज कुठल्याही बाजारपेठेत "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की मिळते.

म्हणून तपासणी आली तरी पहिला प्रश्न "कुठली ट्यूब लावलीत?" हाच राहील. तपासणीनं "बदल नाही" सांगितलं आणि रुग्ण स्टिरॉइड लावतच राहिला, तर दोष तपासणीवर येईल.

तपासणी हवी का? हवीच. आज मी टर्बिनाफिन देऊन महिनाभर वाट बघतो, नाही तर सरळ इट्राकोनॅझोल देतो. ते बहुतेकांना चालतं, पण यकृताचा आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना जपून द्यावं लागतं, आणि दुसऱ्या बऱ्याच औषधांशी त्याचं जमत नाही. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशा चार गोळ्या चालू असलेल्या साठीच्या बाईला ते देण्यापूर्वी मला खात्री हवी असते की टर्बिनाफिननं खरंच भागणार नाही. तिथे तुमचा तो दोन तासांचा रिपोर्ट मला सोन्यासारखा.

आणखी एक. ४४८ व्या जागी ॲलनिनचं थ्रिओनिन होतं, तो बदलही इकडे सापडतो. त्यानं टर्बिनाफिन निकामी होत नाही. तुमच्या प्रोबमध्ये तो "रेझिस्टन्स" म्हणून मोजला जाऊ नये.

---

मलप्रभाकाठची | १९ सप्टेंबर, सकाळी ८:०५

डॉक्टर, ४४८ बद्दल अगदी बरोबर. तो वेगळा मोजतो, त्याचा संबंध इट्राकोनॅझोलसारख्या औषधांशी लावला जातो. आणि तुमच्या साठीच्या बाईचं उदाहरण मी आमच्या गटात सांगणार आहे. आम्ही आतापर्यंत "सगळ्यांना तपासा" असाच विचार करत होतो. कुणाला तपासल्यानं डॉक्टरांचा निर्णय बदलतो, तिथून सुरुवात करायला हवी.

---

शहापूरची_सून | १९ सप्टेंबर, दुपारी २:३०

मी कधी असल्या विषयावर लिहीन असं वाटलं नव्हतं. आमच्या घरी माग आहेत. दिवसभर मागाच्या खोलीत उकाडा, खिडक्या सूत उडू नये म्हणून बंद. मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या रक्त बिघडलंय, कारल्याचा रस घे. घेतला. नवऱ्यालाही आहे हे मला सहा महिन्यांनी कळलं, तोही लपवत होता. एकाच घरात दोघं एकमेकांपासून लपवून वेगवेगळी ट्यूब लावत होतो.

चार महिन्यांत साडेसहा हजार गेले. पैशांपेक्षा मनाला लागलं ते एका दवाखान्यातलं बोलणं. "स्वच्छ राहत जा" असं मला सगळ्यांसमोर सांगितलं. मी दोन वेळा आंघोळ करते. त्या दिवशी घरी येऊन रडले.

ताई, तुमच्या लिहिण्यातून पहिल्यांदा कळलं की बुरशीचंच एक अक्षर बदललेलं असू शकतं. माझी चूक नसेल, असंही असू शकतं.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. दमट कपडे इस्त्री करून घातले तर चालतात का?

---

त्वचेचा_डॉक्टर_गडहिंग्लज | १९ सप्टेंबर, रात्री ९:१०

वहिनी, तुमची चूक नव्हतीच. हा आजार अस्वच्छ माणसाला होतो असं नाही, उकाडा, घाम आणि जवळचा संपर्क एवढं त्याला पुरतं.

इस्त्री केलेली चांगली, पण कपडा पूर्ण कोरडा होईपर्यंत फिरवा, शिवणी आणि नाडीची जागा विशेष. टॉवेल आणि आतले कपडे दोघांचे वेगळे, गरम पाण्यात धुवा. आणि औषध दोघांनी एकाच वेळी घ्या, नाही तर तुमचं बरं झालेलं पुन्हा त्यांच्याकडून येतं. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवा.

---

चिकोडी_लॅबवाला | २० सप्टेंबर, सकाळी ११:२०

मी तालुक्याच्या गावात छोटी पॅथॉलॉजी लॅब चालवतो. ताईंचा हेतू चांगला आहे, पण जमिनीवर काय आहे ते सांगतो.

गेल्या वर्षभरात माझ्याकडे नायट्याच्या खरवडीचे किती नमुने आले? बोटावर मोजण्याइतके. केओएचला पोटॅशचा एक थेंब, एक काचपट्टी आणि बघणारे डोळे लागतात. खर्च जवळजवळ नाही. तीसुद्धा कोणी लिहून देत नाही. मग जनुकीय तपासणी कोण लिहून देणार? पहिल्यांदा प्रत्येक तालुक्यात केओएच नीट सुरू होऊ दे, असं माझं म्हणणं.

दुसरं, पीसीआर म्हणजे एका डीएनएच्या कोट्यवधी प्रती. त्या प्रती हवेत उडाल्या की पुढचा प्रत्येक नमुना पॉझिटिव्ह. कोविडमध्ये बेळगावात आयसीएमआरच्या संस्थेत तपासण्या चालायच्या, तिथे नमुना उघडायची खोली वेगळी, प्रती वाढवायची वेगळी. माझ्याकडे एकच खोली आहे आणि पंखा आहे. आणि बुरशी तर सगळीकडेच. शेजारी गुऱ्हाळ, समोर कडब्याची गंजी.

तिसरं, वीज. त्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

---

मलप्रभाकाठची | २० सप्टेंबर, दुपारी १२:४५

दादा, केओएचचं पटलं. खरं तर जनुकीय तपासणी केओएचच्या पुढची पायरी म्हणूनच बसते. धागे दिसले तरच पुढे पाठवा. दोन्ही एकाच खरवडीतून होतं, अर्धी काचेवर, अर्धी पुडीत.

एक खोली आणि पंख्याचं उत्तर म्हणजे नळी कधीच न उघडणं. नमुना आत गेला, झाकण लागलं, पुढे सगळं बंद डब्यात. टीबीच्या ट्रूनॅटमध्ये हेच केलंय. ते यंत्र बॅटरीवर चालतं आणि एका टेबलावर मावतं. ते बनवणारी मोलबायो कंपनी आपल्या चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्यात, आणि तिची संशोधनाची शाखा बेंगळुरूत. दोन्हींच्या मधे बेळगाव! मला याचं फार अप्रूप आहे. यंत्र गावात आलेलं आहे, फक्त त्यात घालायची नायट्याची चिप कुणी बनवलेली नाही.

आमचं घोडं अडलंय ते मात्र दुसरीकडेच. बुरशीचा डीएनए बाहेर काढणं. टीबीच्या थुंकीपेक्षा हे चिवट काम आहे. बुरशीची भिंत कायटिनची, खेकड्याच्या कवचात असतं तेच. वरून ती केराटिनच्या, म्हणजे कातडीतल्या चिवट प्रथिनाच्या खपल्यांत रुतलेली. आधी विकरानं केराटिन विरघळवायचं, मग बारीक मण्यांबरोबर जोरात घुसळून भिंत फोडायची. एवढं करून हातात येतो तो डीएनए थोडा, आणि त्यात मलमाचा तुपकटपणा आणि कातडीचं मेलॅनिन मिसळलेलं, जे पीसीआरला अडवतं.

आणखी एक अडचण बाहेर कुणी फारशी सांगत नाही. बुरशी कोणती हे ओळखायला जे जनुक वापरतात त्याच्या प्रत्येक पेशीत अनेक प्रती असतात, त्यामुळे ते सहज सापडतं. पण औषध निकामी करणाऱ्या जनुकाची प्रत एकच. म्हणून कमी खरवड आली तर "इंडोटिनी आहे" हे कळतं, आणि "टर्बिनाफिन चालेल का" याचं उत्तर कोरं राहतं. त्या वेळी रिपोर्टवर काय लिहायचं यावर आमच्यात अजून वाद चालू आहेत.

---

उद्यमबागचा_टर्नर | २० सप्टेंबर, रात्री ८:३५

मला जीवशास्त्रातलं काही कळत नाही, पण यंत्रातलं कळतं. पीसीआरला तापमान वर-खाली करावं लागतं असं वाचलं. एकाच तापमानावर होणारी काही पद्धत नाही का? मग साधा हीटर आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पुरेल.

---

मलप्रभाकाठची | २० सप्टेंबर, रात्री ९:२०

आहे की! तिला लॅम्प म्हणतात, २००० मध्ये जपानमध्ये निघाली. ६०-६५ अंशांवर तासाभरात प्रती तयार होतात आणि द्रावणाचा रंग बदलतो, डोळ्यांनी दिसतो. बुरशी कुठली हे ओळखायला ती उत्तम. पण एकाच अक्षराचा फरक ओळखायला ती कच्ची पडते. चार ते सहा प्रायमर, म्हणजे प्रती सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, एकदम काम करत असतात, बदल नसला तरी थोड्या उशिरानं रंग पालटतोच. म्हणून शेवटी क्रिस्परचं, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राचं, विकर लावून बघतोय. ते एका अक्षराला चिकटून बसतं, जुळलं तरच कापतं. कोविडमध्ये दिल्लीच्या संस्थेनं कागदी पट्टीची फेलुदा चाचणी केली तीही क्रिस्परवरच.

---

उद्यमबागचा_टर्नर | २० सप्टेंबर, रात्री ९:४५

मग ठोकळा मी करून देतो. सोळा भोकं, नळीच्या मापाची, तळाशी कोन तुम्ही सांगाल तेवढा. नळीचं रेखाचित्र पाठवा. भोकाला नळी घट्ट बसली नाही तर मधे हवा राहते आणि उष्णता सारखी जात नाही, एवढं मला ठाऊक आहे. पैसे नकोत. माझ्या मुलीला दोन वर्षं आहे हे.

---

द्राक्षबाग_अथणी | २१ सप्टेंबर, सकाळी ६:५०

प्रश्न विचारू का. आमच्याकडे द्राक्षावरच्या भुरी या बुरशीच्या रोगाला हेक्साकोनॅझोल, टेबुकोनॅझोल मारतात. डॉक्टरांच्या गोळीचं नावही "कोनॅझोल"नंच संपतं. आम्ही फवारतो म्हणून माणसाची औषधं चालेनात, असं कुणी म्हटलं तर खरं आहे का?

---

मलप्रभाकाठची | २१ सप्टेंबर, सकाळी ९:३०

काका, फार नेमका प्रश्न. नायट्याच्या बाबतीत नाही. ती बुरशी मुख्यतः माणसाच्या कातडीवर जगते, बागेत नाही, आणि टर्बिनाफिनची जातच वेगळी.

पण ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाची दुसरी बुरशी आहे. ती मातीत, पालापाचोळ्यात, कंपोस्टात राहते आणि तिचे बीजाणू आपण रोज श्वासातून घेतो. धडधाकट माणसाला काही होत नाही. फुप्फुस आधीच दुखावलेलं असेल तर ती तिथे घर करते. तिच्यावरची औषधं म्हणजे इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, आणि ती तुमच्या टेबुकोनॅझोलसारखीच त्याच विकरावर बसतात. शेतातल्या फवाऱ्यात तगून राहिलेली बुरशी दवाखान्यातल्या औषधालाही दाद देत नाही. हे आधी नेदरलँड्समध्ये लक्षात आलं, २०१२ मध्ये दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या मातीतही दाखवलं. जनुकाच्या आधीचा ३४ अक्षरांचा तुकडा दोनदा येतो, त्यामुळे विकर जास्त तयार होतं, आणि सोबत ९८ व्या जागी एक बदल. ३४ अक्षरं जादा असल्यामुळे तपासणीत तो पटकन पकडता येतो.

तुम्ही फवारणी सोडा असं मी म्हणत नाही, भुरीनं बाग जाते हे मला माहीत आहे. एकच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारू नका, गट बदलत राहा. ते तुमच्या बागेलाही चांगलं, भुरीसुद्धा अशीच सरावते.

---

द्राक्षबाग_अथणी | २१ सप्टेंबर, सकाळी १०:१०

गट बदलायचं आम्हाला सल्लागारही सांगतात. माणसाच्या फुप्फुसाशी त्याचा संबंध आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगेन इतरांना.

---

निपाणीकर | २१ सप्टेंबर, दुपारी ४:००

वरचं वाचून हात थरथरले म्हणून लिहितोय.

माझे वडील तंबाखूच्या वखारीत होते. टीबी झाला, सहा महिने औषध घेऊन बरे झाले. तीन वर्षांनी खोकल्यातून रक्त. पुन्हा टीबीच समजून दुसऱ्यांदा औषधं सुरू केली. थुंकीत टीबी सापडत नव्हता, तरी. वजन उतरत गेलं. शेवटी मिरजेला नेलं, तिथल्या एका डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला आणि म्हणाले, जुन्या टीबीनं फुप्फुसात पोकळी झालीय, तिच्यात बुरशीचा गोळा आहे. ॲस्परजिलस. रक्ताची एक तपासणी केली, इट्राकोनॅझोल सुरू झालं. वर्षभर बरे होते. मग पुन्हा रक्त. औषध चालत नाहीसं झालं होतं की आणखी काही, ते कुणालाच सांगता आलं नाही. थुंकीवर अशी काही तपासणी असते हेच आम्हाला माहीत नव्हतं.

वडील मागच्या वर्षी गेले. आमच्याकडे विडीच्या आणि तंबाखूच्या कामात टीबी होऊन गेलेली किती माणसं आहेत! खोकला परत आला की सगळे टीबीच म्हणतात.

---

मलप्रभाकाठची | २१ सप्टेंबर, सायंकाळी ६:१५

दादा, काय लिहू. वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

ही तपासणी थुंकीवर करता येते, ॲस्परजिलससाठी परदेशात तयार किटही आहेत. पण इथेही तीच एका प्रतीची अडचण, थुंकीत बुरशी कमी असली तर उत्तर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, १९ नावांची. त्यात सर्वांत वरच्या गटात चार आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस त्यातली एक. यादी येऊन इतकी वर्षं झाली तरी निपाणीच्या माणसाला तपासणी मिळत नाही, ही गोष्ट मला टोचते. थुंकीत टीबी सापडत नाही आणि खोकला थांबत नाही, अशा प्रत्येकाला बुरशीबद्दल विचारलं गेलं पाहिजे, निदान एक एक्स-रे नीट बघून.

---

आयसीयू_सिस्टर | २१ सप्टेंबर, रात्री ११:५०

नाइट ड्युटीवर आहे, थोडंच लिहिते. त्या यादीतल्या वरच्या चारांत कँडिडा ऑरिस ही बुरशीही आहे. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात पहिल्यांदा सापडली म्हणून ऑरिस, लॅटिनमध्ये कानाची. फ्लुकोनॅझोलला बहुधा दाद देत नाही, आणि पलंगाच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे जगते. जुनी यंत्रं तिला दुसऱ्याच कँडिडाचं नाव द्यायची. काखेतला आणि जांघेतला स्वॅब घेऊन पीसीआरनं त्याच दिवशी कळलं तर आम्ही रुग्णाला वेगळं ठेवू शकतो. तीन दिवसांनी कळतं तेव्हा शेजारच्या पलंगापर्यंत गेलेली असते. आम्हा सिस्टरांना हे वेळेवर कळणं फार गरजेचं आहे.

---

आशाताई_खानापूर | २२ सप्टेंबर, दुपारी १:१०

मी टीबीच्या थुंकीच्या डब्या गोळा करून तालुक्याला पोचवते. खरवडीची पुडी तर त्याहून सोपी, सांडत नाही. नेईन मी.

पण रिपोर्टचं बघा. टीबीचा रिपोर्ट येतो तो इंग्रजीत. लोक मला दाखवतात, "निगेटिव्ह" वाचलं की आनंदानं घरी जातात आणि खोकला असला तरी परत येत नाहीत. तुमच्या रिपोर्टवर "म्युटेशन निगेटिव्ह" आलं तर आमच्या बायका म्हणतील नायटाच नाही. मराठीत आणि कानडीत, दोन्हींत लिहा. आमच्या गावात अर्धी घरं कानडी वाचतात.

---

मलप्रभाकाठची | २२ सप्टेंबर, रात्री ९:००

आक्का, तुमची ही पोस्ट मी छापून आमच्या टेबलावर लावली आहे.

यात आणखी एक खाच आहे. ज्या जागा माहीत आहेत तिथेच ही तपासणी बघते. बुरशीनं दुसरी वाट काढली असेल, उदाहरणार्थ औषध पेशीबाहेर फेकणारे पंप वाढवले असतील, तर तपासणीला ते दिसणार नाही. म्हणून "बदल सापडला" हे ठाम उत्तर आहे, "सापडला नाही" हे ठाम नाही. अशा वेळी कल्चर लागतंच, ते बंद करून चालणार नाही.

मराठी मसुदा असा केलाय, सगळ्यांनी बघा:

"तुमच्या कातडीत नायट्याची बुरशी आहे. टर्बिनाफिन ही गोळी तिच्यावर चालणार नाही असा बदल सापडला आहे. हा कागद डॉक्टरांना दाखवा."

आणि दुसरा:

"तुमच्या कातडीत नायट्याची बुरशी आहे. आम्ही शोधलेले बदल सापडले नाहीत. औषध घ्यायचंच आहे. महिनाभरात फरक पडला नाही तर पुन्हा या."

---

त्वचेचा_डॉक्टर_गडहिंग्लज | २२ सप्टेंबर, रात्री ९:३०

दुसऱ्यात "मेडिकलमधून स्वतःहून ट्यूब आणू नका" हे घाला. आणि बरं झालं का हे बघायला ही तपासणी पुन्हा करू नये असंही कुठेतरी हवं, मेलेल्या बुरशीचा डीएनएही काही दिवस सापडतो.

---

शहापूरची_सून | २२ सप्टेंबर, रात्री १०:०५

"घरातल्या सगळ्यांनी दाखवा" हेही. आणि कानडी मी लिहून देते, माझं माहेर बैलहोंगलचं.

---

चिकोडी_लॅबवाला | २३ सप्टेंबर, सकाळी १०:४०

तिसरा कागद विसरलात. खरवड कमी पडली तर? "उत्तर आलं नाही, पुन्हा नमुना द्या, पैसे नाहीत." पैसे नाहीत हे लिहिलंच पाहिजे, नाही तर माणूस परत येत नाही. कल्चर लावायला मी तयार आहे, ताईंनी एकदा येऊन दाखवलं तर.

---

तालमीतला_वस्ताद | २३ सप्टेंबर, रात्री ८:१५

ताई, पोरांशी बोललो. आधी कुणी तोंड उघडेना. मग मीच बनियन काढून माझ्या काखेतला चट्टा दाखवला. हो, मलाही आहे. त्यानंतर चौदा जणांनी हात वर केले. सगळे खरवड द्यायला तयार आहेत. येत्या रविवारी येताय का?

---

मलप्रभाकाठची | २३ सप्टेंबर, रात्री ८:५०

वस्ताद, लगेच नाही येता येणार. संशोधनासाठी नमुना घ्यायचा तर नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि अठरा वर्षांखालच्या पोरांच्या आईवडिलांची सही. ती आल्याशिवाय मी एकही नमुना घेणार नाही. अर्ज तयार आहे, संमतीपत्र मराठी-कानडीत करून मगच देते. तोपर्यंत पोरांना उपचाराला पाठवा, तपासणीसाठी कुणी थांबू नये.

---

तालमीतला_वस्ताद | २३ सप्टेंबर, रात्री ९:०५

सह्या मी घरोघरी जाऊन आणतो. शुक्रवारी सगळ्यांना घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडं निघालोय, टेम्पो ठरवलाय. तुमची परवानगी आली की नमुन्याच्या किती दिवस आधी मलम बंद ठेवायचं तेवढं सांगा.

---

मलप्रभाकाठची | २३ सप्टेंबर, रात्री ९:१२

मलम निदान आठवडाभर. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. आणि शुक्रवारी जाताना पोरांच्या रिकाम्या ट्यूबा सोबत न्या, सगळ्या.